टॉवरवरचा दुसरा आवाज

मोठेबाबा,

उद्या शर्यत आहे. तुमचा हेडसेट माझ्यासमोर टेबलावर आहे. त्याच्या कानाच्या फोमला अजून तुमच्या खोबरेल तेलाचा वास येतो. मोठ्या आईनं तो कपाटातून काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "मित्रा, त्यायनं काही सांगून नाही ठेवलं, पण हा तुलेच जाते." तिला वाटलं मी रडते आहे. मी रडत नव्हते. मला भीती वाटत होती. तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले, ती भीती अजून गेलेली नाही.

तुमच्या नोकरीची वर्षं, तुम्ही चालवलेल्या गाड्या, विहारासाठी केलेली धावपळ, हे सगळं पुण्यानुमोदनाच्या दिवशी माईकवर वाचून झालं. बाबांनीच वाचलं. आयुष्यभर पत्रकं छापणारा तुमचा धाकटा भाऊ, त्यानं तुमच्यावरही पत्रकच लिहिलं होतं. 'कर्तव्यनिष्ठ', 'निर्भीड', 'तत्त्वाशी तडजोड न करणारे'. तुम्ही समोर असता तर म्हणाला असता, "याच्यात मी कुठं आहो?"

मी मागच्या रांगेत बसले होते आणि प्रत्येक शब्दाला मान खाली घालत होते. तडजोड आपण केली होती, मोठेबाबा. दोघांनी मिळून. आणि त्या खोलीत ते ठाऊक असलेली मी एकटीच उरले होते.

तुम्हाला आठवतं, पहिल्यांदा मला हा खेळ तुम्ही जेवणाच्या थाळीवर समजावला होता. मी तेव्हा चिडलेलीच होते. निवृत्त रेल्वे ड्रायव्हर रायपूरच्या भनपुरीतल्या एका ट्रकच्या गॅरेजात जाऊन बसतो, मालकाच्या हौसेपायी गोल गोल फिरणाऱ्या गाड्यांच्या मागं लागतो, हे मला लाजिरवाणं वाटत होतं. पेट्रोल जाळून कुठंही न जाणं, असं मी म्हणाले होते. तुम्ही शांतपणे थाळी पुसलीत आणि काठावर वाटाणा ठेवलात.

"हे पाह्य. गाड्या थाळीच्या काठानं डाव्या हातानं फिरतेत. फिरतच राहतेत. आपला ड्रायव्हर टिकेश बसते उजव्या बाजूले. डोक्यावर हेल्मेट, मानेले पट्टा, सीटले दोन्हीकून कान. त्याले समोरचं दिसते. डावीकडं काय आहे ते नाही दिसत. अन् वळण तर डावीकडंच आहे. मंग त्याले कोण सांगन?"

"आरसा नसतो का?"

"आरशात दिसते तोवर ते होऊन गेलं असते."

मग तुम्ही सांगितलं की सगळ्या संघांच्या गाड्या सारख्याच असतात. इंजिनाला आयोजकांचं सील असतं, त्याला हात लावायचा नाही. म्हणून शर्यत जिंकायची ती चाकांतल्या हवेवर, नट कसणाऱ्या हातावर, चाकं बदलायला लागणाऱ्या सेकंदांवर आणि टॉवरवरच्या माणसावर. प्रेक्षकांच्या वर, लोखंडी पाइपांच्या मचाणावर प्रत्येक संघाचा एक माणूस उभा असतो. तो ड्रायव्हरच्या कानात बोलतो. डावीकडं गाडी आली की 'अंदर', भिंतीकडून आली की 'बाहर'. मोकळं झालं की 'क्लियर'. ड्रायव्हर त्या शब्दावर स्टिअरिंग वळवतो. न पाहता.

"म्हणजे तो तुमच्यावर विश्वास ठेवून भिंतीच्या अंगावर जातो," मी म्हणाले.

"रेल्वेत अख्खी गाडी झोपून राहते मागं," तुम्ही म्हणालात. "हा तर एकटाच आहे."

तुम्ही त्या संघात कसे शिरलात ते खेमूभैया हसून सांगतात. खेमूभैया म्हणजे गाडीचे मुख्य मेकॅनिक खेमलाल, अख्ख्या भनपुरीत स्टिअरिंगचं काम त्यांच्यासारखं कोणी करत नाही. तुम्ही संध्याकाळी फिरायला जाताना गॅरेजच्या दारात थांबायचात. एक दिवस रेडिओवर पाच जण एकदम ओरडत होते, ते ऐकून तुम्ही आत गेलात आणि म्हणालात, "अशानं तर गाडी उलटन." दुसऱ्या शर्यतीला तुम्ही टॉवरवर होता.

आणि तुम्ही रेल्वेची पद्धत आणलीत. इंजिनावर असिस्टंट सिग्नल पाहून मोठ्यानं म्हणतो, ड्रायव्हर तेच परत म्हणतो, दोघंही त्याच्याकडं हात दाखवतात. म्हणजे एकाची डुलकी दुसऱ्याला कळते. तुम्ही टिकेशला सांगितलंत की मी जे बोलीन ते तू परत बोलायचं. परत बोलला नाहीस तर तू ऐकलंच नाहीस असं मी धरीन. 'क्लियर'च्या जागी तुम्ही रेल्वेतलं 'लाईन क्लियर' म्हणू लागलात. शेजारच्या संघांचे लोक हसले. "अंकल, यहाँ स्टेशन कब आएगा?" असं विचारायचे. त्या मोसमात टिकेशच्या गाडीला एक ओरखडा आला नाही. मग हसणं थांबलं.

मी नवा रायपूरच्या पलीकडच्या त्या ट्रॅकवर तुम्हाला स्कूटरनं पोचवायला येऊ लागले, ते मोठ्या आईच्या सांगण्यावरून. तुम्हाला शुगर होती, उन्हात एकटं सोडायचं नाही. मी मचाणावर तुमच्या शेजारी उभी राहायची, पाण्याची बाटली धरून. टिकेशला वाटतं अजूनही तेवढंच होतं ते. म्हणजे गुरुवारपर्यंत वाटत होतं.

तो सरावाचा दिवस. तुम्ही बटण न दाबता मला विचारलंत, "तिसऱ्या वळणावर आपल्यामागं निळीच आहे नं?"

मी हसले. निळी नव्हतीच. एक लाल होती आणि तिच्या पोटाशी एक पांढरी. दोन होत्या. मी हसत तुमच्याकडं वळले आणि तुमचा चेहरा पाहून माझं हसू तिथंच राहिलं.

"तुमाले दिसून नाही राहिलं का, मोठेबाबा?"

"डावा गेला. सहा महिने झाले. उजव्यात माशा उडतेत."

"डॉक्टर काय म्हणते?"

"डॉक्टरले माहीत आहे. आता तुले माहीत आहे. पुरे झालं."

तिसरं आणि चौथं वळण मचाणाच्या डाव्या हाताला, सगळ्यात लांब. तिथंच भिंत सगळ्यात जवळ. मी म्हणाले की उतरा, आत्ताच उतरा, मी टिकेशला सांगते. तुम्ही माझं मनगट धरलंत. तुमचा हात थंड होता.

"एकदा डोळ्यायनं मले इंजिनावरून उतरवलं," तुम्ही म्हणालात. "रिटायरमेंटले दोन वर्षं होती. शेडात टेबलावर बसून दुसऱ्यायच्या ड्यूट्या लिवल्या मी. लोकं समोरून इंजिनावर चढत होते अन् मी त्यायचं नाव लिवत होतो. आणखी एकदा नोको, मित्रा. तू म्हण, मी म्हणतो. इंजिनावर दोन माणसं असतेतच नं."

त्याच आठवड्यात मी एका कारखान्यातल्या अपघातावर पत्रक लिहिलं होतं. क्रेनवरच्या माणसाची दृष्टी वर्षभर तपासली नव्हती आणि खाली एकाचा पाय गेला होता. पत्रकाचा मथळा माझाच होता: 'माहीत असून गप्प बसणारा प्रत्येक जण गुन्हेगार आहे.' बूढ़ापाऱ्यातल्या चौकात मी ते स्वतः वाटलं. तळ्याच्या बाजूला उभी राहून दोनशे लोकांच्या हातात दिलं. आणि मचाणावर मी तुमच्याकडं पाहून मान हलवली.

अक्षरं मी पत्रकांवर शिकले. शाळेच्या आधी घड्या घालायला शिकले, बाबांच्या छापखान्यात, गुडघ्यावर कागद ठेवून. तेव्हापासून मला एक खात्री होती: गप्प बसणारे लोक ते. आपण नाही.

आपली पद्धत बसायला वेळ लागला नाही. मी तुमच्या डाव्या खांद्याशी उभी राहून हळू म्हणायची, "अंदर." तुम्ही बटण दाबून मोठ्यानं म्हणायचात, "अंदर एक, अंदर एक." टिकेश म्हणायचा, "अंदर एक." मग मी, मग तुम्ही, मग तो, "लाईन क्लियर." पाहणाऱ्याला वाटायचं मी पुटपुटते आहे, घाबरट पोरगी. ते एवढं खरं होतं.

मला ते आवडूही लागलं होतं, हे सांगायला हवं. तुमच्या जाड, सावकाश आवाजातून माझे डोळे बोलायचे. मी आयुष्यात एवढं लक्ष देऊन कशाकडंही पाहिलं नव्हतं. बावीस गाड्या, त्यातली आपली एक पिवळी, आणि तिच्या डाव्या अंगाची दोन हात जागा. दूरचं नीट पाहणं तुम्ही शिकवलंत. "गाडी नोको पाहू," तुम्ही म्हणायचात. "गाडीच्या बाजूची खाली जागा पाह्य. गाडी त्या जागेतच येते." घरी परतताना त्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवर मागं बसून तुम्ही गुणगुणायचात आणि मी दर वेळी तोच विषय काढायची.

"टिकेशले कधी सांगता?"

"या शर्यतीनंतर."

"मागच्या वेळीही हेच म्हणाले होते तुमी."

"मंग तू पत्रक काढ. चौकात वाट. 'आंधळ्या म्हाताऱ्याले खाली उतरवा.'"

मी स्कूटर थांबवायची. तुम्ही उतरून दोन पावलं चालायचात, मग परत बसायचात. भांडण तिथंच राहायचं आणि आपण पुढं जायचो. आता वाटतं, ते भांडण मी जिंकायला हवं होतं. आणि लगेच वाटतं, जिंकले असते तर तुमचे ते महिने मीच घेतले असते. या दोन्हींच्या मधून मला बाहेर येता येत नाही.

मग ती पावसाळ्याआधीची शर्यत.

शेवटच्या काही फेऱ्या होत्या. पिवळी चौथी होती. तिसऱ्या वळणाकडं जाताना तिच्या डावीकडं कोणी नव्हतं, हे मी पाहिलं. रिकामी जागा पाहिली. म्हणाले, "लाईन क्लियर." तुम्ही श्वास घेतला, बटण दाबलं. तेवढ्यात मागची लाल गाडी डावीकडच्या त्या जागेत घुसली. मी म्हणाले, "अंदर." तुम्ही माझं आधीचं वाक्य म्हणत होता. "लाईन," तुम्ही म्हणालात. मी तुमचा शर्ट ओढला, "अंदर, अंदर," आणि तुम्ही "क्लियर" म्हणून संपवलंत, कारण इंजिनावर अर्धा सिग्नल म्हणत नाहीत. टिकेशनं परत म्हटलं, "लाईन क्लियर," आणि डावीकडं वळला.

लालचा कोपरा त्याच्या मागच्या चाकाला लागला आणि पिवळी भिंतीला घासत गेली. आवाज आपल्यापर्यंत उशिरा आला. आधी फक्त धूर दिसला, मग तो पत्र्याचा आवाज. तुम्ही विचारत होता, "काय झालं? मित्रा, काय झालं?" तुम्हाला दिसलंच नव्हतं. मग रेडिओवर टिकेशचा आवाज आला, "ठीक हूँ, ठीक हूँ," आणि तुम्ही मचाणाच्या पाइपाला धरून खाली बसलात.

रेल्वेचा सिग्नल खांबावर असतो, मोठेबाबा. तुम्ही म्हणून होईपर्यंत तो तिथंच उभा असतो. शर्यतीतली गाडी उभी राहत नाही. माझ्या तोंडातून तुमच्या तोंडात आणि तुमच्यातून त्याच्या कानात जाताना एक सेकंद जायचा आणि आपण महिनोन्‌महिने तो सेकंद टिकेशच्या नशिबातून काढत होतो. तीस वर्षं ज्या पद्धतीनं तुम्ही माणसं सुखरूप पोचवलीत, तीच ती पद्धत होती.

गॅरेजात दुसऱ्या दिवशी गाडी उघडली. खेमूभैया प्रत्येक नट कसला की नट आणि रॉड मिळून एक पांढरी पेंटची रेघ ओढतात. रेघ सरळ म्हणजे नट जागेवर. स्टिअरिंगच्या टाय रॉडवरची रेघ तुटलेली निघाली. नट थोडा फिरला होता. भिंतीला घासल्यावर कुणाचाही फिरला असता. पण मालकानं विचारलं, "ये ढीला था क्या?" आणि खेमूभैया बराच वेळ त्या रेघेकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "हो सकता है, सेठ. मुझे याद नहीं आ रहा."

आपण दोघं दारात उभे होतो. माझ्या हातात पाण्याची बाटली होती. मला आठवतं, मी झाकण फिरवत होते, उघड, बंद, उघड, बंद. तुम्ही काही बोलला नाहीत. मी काही बोलले नाही. खेमूभैयांना शर्यतीच्या गाडीवरून काढून ट्रकांच्या बाजूला टाकलं.

त्यानंतरच्या दोन शर्यतींत आपण पद्धत बदलली. मी बोलणं बंद केलं. तुमच्या पाठीवर बोट ठेवायची. एक टिचकी, अंदर. बोट दाबून धरलं, बाहर. दोन टिचक्या, लाईन क्लियर. बोट शब्दापेक्षा लवकर पोचतं. खुणा ठरवल्या, पण त्या का हव्यात यावर एक अक्षर बोललो नाही. म्हणजे टाय रॉडचं कारण खोटं आहे, हे दोघांनाही पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

शेवटच्या आजारात, दवाखान्यात, तुम्ही म्हणालात, "खेमूले बोलाव." मी बोलावलं. ते ड्यूटीच्या कपड्यांत आले, हात काळे म्हणून दाराबाहेरच्या नळावर दोनदा धुतले, आणि तुमच्या पायाशी बसून पाय दाबत राहिले. तुमचे डोळे मिटलेले होते. "सोने दो बाबूजी को," ते मला म्हणाले. अर्धा तास बसले आणि गेले. मोठेबाबा, तुमच्या पापण्या हलत होत्या. मी पाहिलं. आता मी दूरचंही पाहते, हे तर जवळचं होतं. तुम्ही जागे होता.

मला तुमचा राग आला त्या दिवशी. अजून आहे. आणि त्या रागात मला माझाच चेहरा दिसतो, म्हणून तो पुरता करताही येत नाही.

पुण्यानुमोदनाला टिकेश पांढरा शर्ट घालून आला होता. त्याला मराठी समजते, बोलता येत नाही. बाबांचं वाचून झाल्यावर तो उभा राहिला आणि म्हणाला, "मैं बाबूजी की आवाज पे आँख बंद करके मुड़ता था." सगळे रडले. मग जेवणाच्या वेळी तो माझ्याजवळ आला.

"दीदी, इतवार को टॉवर पे आप आ जाओ. बाबूजी के बगल में आप ही तो रहती थीं. उनका तरीका आपको आता है."

माझ्या हातातलं वरणाचं पातेलं मी खाली ठेवलं. "बघते," असं म्हणाले. घरी येऊन मला ताप आला.

चार दिवस मी स्वतःशी पत्रकाच्या भाषेत बोलत होते. सत्य सांगितलंच पाहिजे. मग दुसरा आवाज म्हणायचा, कानातल्या आवाजावरचा त्याचा विश्वास उडाला तर तो वळणावर अर्धा क्षण थांबेल, आणि तो अर्धा क्षणच त्याला मारेल. म्हणजे खरं बोलूनही मारता येतं. मला खरोखर कळत नव्हतं. आजवर पत्रकं लिहिली ती दुसऱ्यांनी काय करायला हवं यावर. त्यात भीती लागत नाही.

गुरुवारी दुपारी मी भनपुरीला गेले. खेमूभैया एका ट्रकखाली होते. फक्त पाय दिसत होते. मी जमिनीवर बसले आणि त्या पायांना सगळं सांगितलं, कारण तोंडाकडं पाहून सांगणं जमलं नसतं. डोळ्यांचं, मचाणाचं, 'अंदर' आणि 'क्लियर'चं. पान्याचा आवाज थांबला.

"मतलब नट मैंने ठीक कसा था?" ट्रकखालून आवाज आला.

"हव, भैया. नट तुम्ही नीट कसला होता."

ते बाहेर आले नाहीत. तिथूनच बोलले. "दीदी, मैं घर में गैस बंद करके तीन बार उठता हूँ देखने. ताला लगा के आधे रास्ते से लौटता हूँ. मेरी घरवाली बोलती है डॉक्टर को दिखाओ. मैंने सोचा उमर हो गई, हाथ भूलने लगा." मग थोड्या वेळानं, "बाबूजी को मालूम था?"

मी हो म्हणाले. खोटं बोलून तुम्हाला वाचवता आलं असतं. मला वाटलं तुम्हीच ते नको म्हटलं असतं, पण खात्री नाही. मी तुमच्या वतीनं ठरवलं. त्याबद्दल रागावायचं असेल तर रागवा.

टिकेशला मी त्याच दिवशी सांगितलं, खेमूभैयांच्या समोर. तो पिवळीच्या बॉनेटवर टेकून ऐकत होता. माझं संपल्यावर त्यानं हातातलं हेल्मेट काळजीपूर्वक खाली ठेवलं. मला तो फेकून मारेल असं वाटलं होतं.

"मेरे से किसी ने पूछा?" तो म्हणाला. "गाड़ी में मैं बैठता था कि आप लोग?"

"तू," मी म्हणाले.

"और एक बात बताऊँ, दीदी? उस दिन मैंने सुना था. बाबूजी के माइक में पीछे से. कोई औरत बोली, 'अंदर'. साफ सुना. मैंने सोचा भरम है. बाबूजी क्लियर बोल रहे हैं तो क्लियर है." तो खेमूभैयांकडं वळला. "भैया, मैंने सुना था. और तुम्हारा नट निकला तो मैं भी चुप रहा. बाबूजी पे शक कैसे करता?"

तर असे आम्ही उभे होतो, मोठेबाबा. तुमच्यावरच्या प्रेमापोटी दोघं गप्प राहिलो, आणि तिसरा रोज तीनदा गॅस बघायला उठत होता.

टिकेशनं मालकाला स्वतः सांगितलं. खेमूभैया उद्या पिवळीवर आहेत. काल त्यांना मी काम करताना पाहिलं. टाय रॉडचा नट कसला, रेघ ओढली, दोन पावलं गेले आणि परत आले. रेघेवर बोट फिरवलं. परत गेले, परत आले. ते एका दिवसात जाणार नाही. कदाचित जाणारच नाही.

आणि तरी टिकेशनं मलाच बोलावलं. मी म्हणाले, माझ्यापेक्षा दुसरा कोणी बघ. तो म्हणाला, "उस दिन सही तो आपने ही बोला था." मग खेमूभैया मधे बोलले. त्यांनी हात पुसत विचारलं, "बाबूजी के पास कितने शब्द थे?"

मी मोजले. अंदर, बाहर, लाईन क्लियर.

"और जब नहीं दिखे तब क्या बोलते थे?"

तसा शब्दच नव्हता. इतक्या शर्यतींमध्ये तुम्ही तो ठेवला नव्हता, आणि मीही कधी मागितला नव्हता.

आज सराव होता. मी एकटी मचाणावर चढले. शेजारच्या संघाच्या माणसानं तुमच्या जागेवर झेंडूचं फूल ठेवलं होतं, पाइपात खोचून. मी बटण दाबलं आणि बोलायच्या आधीच सोडलं. खालून टिकेश वाट पाहत होता.

"दीदी, डर लग रहा है?"

"हव."

"मेरे को भी. चलो."

पहिल्या काही फेऱ्या ठीक गेल्या. मी म्हणायची, तो परत म्हणायचा, मधे कोणी नव्हतं. माझाच आवाज माझ्या कानात उघडा वाटत होता. मग ऊन तिरपं होऊन डोळ्यांवर आलं आणि तिसऱ्या वळणावर सगळं पांढरं झालं. पिवळी त्या उजेडात शिरली. तिच्या डावीकडं काहीतरी होतं, किंवा सावली होती, किंवा काहीच नव्हतं. माझ्या तोंडात 'लाईन क्लियर' आलेलं होतं, मोठेबाबा. सवयीनं. तुमच्या आवाजात. ते किती सोपं असतं हे मला आज कळलं. टिकेशच्या कानात एक शांत, जाड शब्द टाकायचा आणि तो वळणार.

"नहीं दिख रहा," मी म्हणाले.

"नहीं दिख रहा," टिकेश म्हणाला, आणि डावीकडं न वळता भिंतीच्या बाजूलाच राहिला. त्याच्या डावीकडून लाल गाडी निघून गेली. ती तिथंच होती.

मी कठडा धरून उभी होते. मग मला दिसलं की माझा उजवा हात कठड्यावर नाही. तो पुढं गेला होता, तुमच्या पाठीच्या उंचीवर, बोट वाकवून. हवेत थांबला होता. एक टिचकी अंदरची, दोन लाईन क्लियरच्या. 'नहीं दिख रहा'ची टिचकी आपण कधी ठरवलीच नव्हती.